सौदा मध्येच बदलू नये : कापूसवाल्या पुरुषोत्तमदासांची विधिमंडळातील कारकीर्द

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास हे मुंबईचे कापसाचे बडे व्यापारी. १९२० साली असहकाराला त्यांनी उघड विरोध केला, पुढे सरकारकडून 'सर' ही पदवी घेतली, एकामागून एक सरकारी समित्यांवर बसले. आणि याच माणसाने १९२६-२७ मध्ये रुपयाच्या दरावरून सरकारला असेंब्लीत, म्हणजे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात, घाम फोडला. मग त्यांना सरकारधार्जिणे म्हणायचे, राष्ट्रवादी म्हणायचे, की वारा येईल तशी पाठ देणारे? आणि असा जुन्या वळणाचा व्यापारी कायदेमंडळात जाऊन नेमके करतो काय? शिवाय रुपयाच्या दराची ती लढाई ते हरले, तिचे पुढे काय झाले?

माझी तीसेक वर्षे कापसाच्या आडतीत गेली. त्यातली शेवटची पंधरा वर्षे व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या वतीने कर, निर्यात आणि अर्थसंकल्प यांवर निवेदने लिहिण्यात गेली. तेव्हा हा माणूस मी पेढीच्या बाजूने वाचतो, आणि माझे मत आधीच सांगून टाकतो. पुरुषोत्तमदासांनी बाजू बदलली असे मला वाटत नाही. केलेला सौदा मध्येच कोणी बदलू नये, मग बदलणारा गांधी असो की गव्हर्नमेंट, ही एकच गोष्ट ते आयुष्यभर धरून बसले. त्यांचा परंपरावाद देवधर्माचा नव्हता, वहीचा होता. हे लक्षात घेतले की त्यांच्या कारकिर्दीतली बहुतेक वळणे आपोआप सुटतात. एक मात्र सुटत नाही, त्याकडे पुढे येतो.

कापसाचा सौदा जुन्या काळी कसा होई, ते आधी डोळ्यांपुढे आणा. आमच्या पेढीत एक वृद्ध दलाल येत. मी नवा होतो, तेव्हा त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, माझ्या उजव्या हातावर टाकला आणि त्याखाली माझी बोटे धरली. किती बोटे धरली, किती वेळा दाबली, यावर भाव ठरायचा. भोवती दहा माणसे उभी असली तरी कोणाला काही कळत नसे. कागद नाही, साक्षीदार नाही. संध्याकाळी दोन्ही पेढ्यांच्या वहीत तोच आकडा चढायचा. दुसऱ्या दिवशी बाजार कोसळला तरी 'मी असे बोललोच नव्हतो' असे म्हणण्याची सोय नव्हती. जो म्हणेल त्याचा हात पुन्हा कोणी पंच्याखाली धरत नसे. अशा बाजारात वाढलेल्या माणसाला क्रांतीची भाषा सहज पटणार नाही, आणि सरकारने रात्रीतून नाण्याची किंमत बदललेलीही पटणार नाही.

पुरुषोत्तमदासांचा जन्म १८७९ चा, मुंबईचा. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि घरच्या नारणदास राजाराम आणि कंपनी या पेढीत शिरले. धंदा कापसाचा आणि गळिताच्या धान्यांचा. १९११-१२ च्या गुजरातेतल्या दुष्काळात त्यांनी मदतकार्याची व्यवस्था पाहिली आणि तिथून ते सरकारच्या नजरेत आले. हा भाग चरित्रांत मोठा करून सांगतात. माझ्या लेखी खरी सुरुवात कापूस बाजाराच्या फेररचनेत आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईच्या वायदेबाजारात अक्षरशः गोंधळ होता. अनेक संस्था, प्रत्येकीचे नियम वेगळे, सट्टा हाताबाहेर गेलेला. सरकारने युद्धकाळातले अधिकार वापरून १९१८ मध्ये नियंत्रण बसवले. पण युद्ध संपल्यावर कायमचे काय, हा प्रश्न उरला. त्यातून ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन उभी राहिली आणि १९२२ मध्ये मुंबई प्रांतात कापसाच्या करारांचा कायदा झाला. ठरलेला नमुना, ठरलेली मुदत, मालाच्या प्रतीवर वाद झाला तर पंचांकडून तपासणी, आणि फरकाच्या रकमा चुकवायला क्लिअरिंग हाऊस. पुरुषोत्तमदास या संस्थेचे अध्यक्ष झाले आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ राहिले. इथे एक गोष्ट टिपून ठेवा. पंच्याखालच्या विश्वासावर चालणारा बाजार आकाराने मोठा झाला, आणि तो विश्वास टिकवायला व्यापाऱ्याने स्वतः होऊन कायदा मागितला. व्यापारी कायदेमंडळाकडे वळतो तो बहुधा याच वाटेने. प्रतिष्ठेचा मोह असतो, नाही असे नाही. पण मोहापायी गेलेला माणूस दुसऱ्या अधिवेशनापासून गैरहजर राहू लागतो.

महायुद्धाच्या काळात ते मुंबई प्रांताच्या कौन्सिलात गेले. १९१९ च्या सुधारणांनंतर दिल्लीत दोन सभागृहे झाली. ते आधी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये आणि मग लेजिस्लेटिव्ह असेंब्लीत बसले. असेंब्लीतली त्यांची जागा होती इंडियन मर्चंट्स चेंबरची. म्हणजे त्यांचे मतदार कुठल्या गावचे नव्हते, त्या व्यापारी संस्थेचे सभासद होते. आज हे चमत्कारिक वाटेल, पण त्या रचनेत जमीनदार, युरोपियन आणि हिंदी व्यापारी यांना अशा राखीव जागा होत्या. १४५ जणांच्या त्या सभागृहात सुमारे शंभर निवडून आलेले, बाकीचे सरकारने नेमलेले. अर्थसंकल्पातल्या काही खर्चांवर मतदानच नाही, आणि सभागृहाने नाकारलेले विधेयक व्हाइसरॉय आपल्या सहीने मंजूर करू शके. १९२३ मध्ये मिठावरचा कर दुप्पट केला गेला तो याच मार्गाने. असेंब्लीने फेटाळला होता, व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी लागू केला. हा तुटपुंजा अधिकार विसरून त्या काळच्या आमदारांना आजच्या मापाने मोजले, तर त्यांच्यावर अन्याय होतो.

आता असहकार. १९२० मध्ये मुंबईत असहकाराविरोधी जी समिती निघाली, तिच्या अग्रभागी पुरुषोत्तमदास होते. यासाठी त्यांच्यावर सरकारधार्जिणेपणाचा शिक्का बसला. तो शिक्का त्या वर्षापुरता समजण्यासारखाही आहे. पण त्याच वर्षी बाजारात काय चालले होते ते पाहा. सरकारने एका समितीचा सल्ला मानून रुपयाची किंमत २ शिलिंग सोने अशी जाहीर केली. आधी अनेक वर्षे ती १ शिलिंग ४ पेन्स होती, म्हणजे एका पौंडाला १५ रुपये (१२ पेन्सांचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड). त्या समितीवर एकच हिंदी सभासद होते, मुंबईचे सोन्याचांदीचे दलाल दादिबा मेरवानजी दलाल. त्यांनी एकट्याने भिन्नमत लिहिले : जुना दर ठेवा. कोणी ऐकले नाही. सरकारी दराच्या भरवशावर मुंबईच्या आयातदारांनी मँचेस्टरला कापडाच्या मोठमोठ्या ऑर्डरी दिल्या. दर टिकेना. तो टिकवण्यासाठी सरकारने लंडनमधल्या गंगाजळीतून सुमारे साडेपाच कोटी पौंड विकले आणि अखेर हात टेकले. १९२१ पर्यंत रुपया १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली गेला. दोन शिलिंगांच्या हिशेबाने मागवलेला माल बंदरात येऊन पडला. तो सोडवायचा तर जवळजवळ दीडपट रुपये लागत होते. कित्येकांनी माल उचलायला नकार दिला, कित्येक पेढ्या बुडाल्या.

तेव्हा बहिष्काराच्या हाकेला कापड आयातदारांकडून जो प्रतिसाद मिळाला, त्यात देशभक्ती होती आणि या अडचणीतून सुटण्याची वाटही होती. दोन्ही खरे. पुरुषोत्तमदासांसारख्या माणसाला त्यात धोका दिसला. आज विलायतेतल्या पेढीचा सौदा मोडला तर उद्या गावातल्या पेढीचा मोडायला काय लागते? कोर्टांवर बहिष्कार टाकला तर थकलेली बाकी कुठे मागायची? मी त्यांची भूमिका बरोबर होती असे म्हणत नाही. १९२० साली देशाने ज्या गोष्टीसाठी कंबर कसली होती ती बाकीवसुलीपेक्षा मोठी होती. त्यांना ती दिसली नाही, किंवा दिसून त्यांनी मागे ठेवली. ही त्यांची उणीव मी मान्य करतो. पण भीतीपोटी किंवा पदवीपोटी ते तसे वागले, असे मात्र त्यांचे पुढचे आयुष्य पाहता म्हणता येत नाही.

मधल्या काळात ते समित्यांवर दिसतात. व्यापाऱ्याचे खरे काम समितीच्या खोलीत होते, कारण तिथे भाषण लागत नाही, ताळेबंद वाचता यावा लागतो. १९२०-२१ ची रेल्वेविषयक अ‍ॅकवर्थ समिती घ्या. रेल्वे कंपन्यांची संचालक मंडळे लंडनला बसत. बंदराकडे जाणाऱ्या आणि बंदरातून आत येणाऱ्या मालाला स्वस्त भाडे, देशातल्या देशात फिरणाऱ्या मालाला महाग, ही हिंदी व्यापाऱ्यांची जुनी तक्रार होती. पुरुषोत्तमदासांनी, या सावध खासगी व्यापाऱ्याने, रेल्वेचा कारभार सरकारने स्वतःकडे घ्यावा असे म्हणणाऱ्या सभासदांची बाजू घेतली. १९२५ मध्ये ईस्ट इंडियन आणि जी. आय. पी. या दोन मोठ्या रेल्वे सरकारच्या कारभाराखाली आल्या. रेल्वेचे अंदाजपत्रक सामान्य अंदाजपत्रकापासून वेगळे काढावे ही सूचनाही याच समितीची. असेंब्लीने सप्टेंबर १९२४ मध्ये तसा ठराव केला आणि ती प्रथा २०१६ पर्यंत चालली. आपल्यापैकी ज्यांनी दर फेब्रुवारीत रेल्वे बजेटची वाट पाहिली आहे, त्यांना तिचे मूळ इथे सापडेल. पुढे इंचकेप समितीवर त्यांनी सरकारी खर्चाच्या काटछाटीचे काम केले. १९२३ मधल्या तिच्या अहवालात सुमारे सव्वाएकोणीस कोटींची कपात सुचवलेली होती. त्याच वर्षी त्यांना 'सर' ही पदवी मिळाली.

आणि आता मूळ मुद्दा : हुंडणावळ, म्हणजे रुपयाचा विलायती चलनातला दर.

ऑगस्ट १९२५ मध्ये हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली चलनविषयक रॉयल कमिशन नेमले गेले. पुरुषोत्तमदास त्यावर होते. रुपया तोपर्यंत सावरून १ शिलिंग ६ पेन्सवर आला होता. प्रश्न होता, कायद्याने दर कोणता बांधायचा : हा चालू दर, की युद्धापूर्वीचा १ शिलिंग ४ पेन्स? दोन पेन्सांचा फरक. ऐकायला क्षुल्लक वाटतो. म्हणून एक हिशेब मांडून दाखवतो. मी हा नव्या मुलांना कागदावर करायला लावत असे.

समजा, कापसाच्या एका खंडीला, म्हणजे ७८४ रत्तलांना, विलायतेत २० पौंड भाव आहे. रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा असेल तर पौंडाला १५ रुपये, म्हणून खंडीचे ३०० रुपये. रुपया १ शिलिंग ६ पेन्सचा असेल तर पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै (१६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा), म्हणून खंडीचे २६६ रुपये १० आणे ८ पै. भाडे, विमा, अडत दोन्हीकडे सारखीच धरा. ३३ रुपये ५ आणे ४ पै कुठे गेले? ते कुठून तरी कापले जाणार, आणि साखळीच्या शेवटी उभा असतो शेतकरी. आता त्याची दुसरी बाजू पाहा. त्याचा शेतसारा रुपयात ठरलेला. सावकाराचे मुद्दल रुपयात लिहिलेले, व्याज रुपयात. ते एका आण्यानेही कमी होत नाही. उत्पन्न घटले, देणे जागच्या जागी. पुरुषोत्तमदासांचे म्हणणे थोडक्यात हेच होते : सरकारने नाण्याला हात लावून देशातल्या प्रत्येक ऋणकोचा करार त्याला न विचारता बदलला आहे.

कमिशनच्या इतर सभासदांचे उत्तरही ऐकून घेतले पाहिजे, कारण ते पोकळ नव्हते. भाव आणि मजुरी आता नव्या दराशी जुळून आली आहेत, मागे गेलात तर महागाई वाढेल आणि पगारदार-मजूर भरडले जातील, असे ते म्हणत. शिवाय सरकारला दरसाल विलायतेत पौंडात मोठ्या रकमा भरायच्या असत. दर दहा लाख पौंडांमागे जुन्या दराने दीड कोटी रुपये लागत, नव्या दराने १ कोटी ३३ लाख. मग कर वाढवावे लागतील, हा धाक होता.

पुरुषोत्तमदासांनी अहवालाला स्वतंत्र भिन्नमतपत्रिका जोडली. दराच्या प्रश्नावर ते एकटे पडले होते. पत्रिका लांब आहे, आकड्यांनी भरलेली आहे, भाषा मुळीच चटकदार नाही. पण निवेदने लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा पेन्सिल हातात घेऊन वाचावी. त्यांनी 'देशावर अन्याय' असा टाहो फोडला नाही. भारत सरकार आणि लंडनचे भारतमंत्री यांच्यातल्या तारा समोर ठेवल्या. १९२४ च्या शरदात रुपया सोन्याच्या हिशेबाने १ शिलिंग ४ पेन्सवर येऊन उभा होता. तेव्हाच तो बांधता आला असता. सरकारने तसे केले नाही, चलन आखडते ठेवले आणि दर वर चढू दिला. मग वर्षाभराने तोच दर 'आपोआप स्थिरावलेला' म्हणून कमिशनपुढे मांडला. म्हणजे प्रतिपक्षाच्या 'आता सगळे जुळून आले आहे' या मुद्द्याचा पाया त्यांनी प्रतिपक्षाच्याच कागदांनी उखडला. सरकारशी वाद घालायचा तर सरकारच्या फाइलमधून घालावा, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

याच कमिशनपुढे डिसेंबर १९२५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी साक्ष दिली, हे मराठी वाचकाने विसरू नये. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला होणारा लाभ आभाळातून पडत नाही, हा आंबेडकरांचा युक्तिवाद. भाव चढतात तितकी मजुरी चढत नाही, म्हणून तो लाभ बऱ्याच अंशी मजुराच्या पोटातून निघतो. पुरुषोत्तमदासांच्या वहीत शेतकरी आहे, ऋणको आहे, निर्यातदार आहे. रोजंदारीवर जगणारा माणूस तिथे अंधुक आहे. मला स्वतःला दराच्या प्रश्नावर पुरुषोत्तमदासांचे पारडे जड वाटते, विशेषतः १९२९ नंतर शेतमालाचे भाव जे कोसळले ते पाहता. पण आंबेडकरांनी बोट ठेवलेली जागा दुखरी होती आणि तिचे समाधानकारक उत्तर मला भिन्नमतपत्रिकेत मिळालेले नाही.

अहवाल १९२६ मध्ये आला. मुंबईत करन्सी लीग निघाली, सभा झाल्या, पत्रके वाटली गेली. हुंडणावळीसारख्या रुक्ष विषयावर माणसे सभांना गर्दी करतात, हे देशाने पहिल्यांदाच पाहिले असावे. जानेवारी १९२७ मध्ये दिल्लीतल्या नव्या वर्तुळाकार इमारतीचे उद्घाटन झाले, आणि दोन महिन्यांत, मार्चमध्ये, तिथे १ शिलिंग ६ पेन्सचा दर बांधणारे विधेयक लढवले गेले. समोर अर्थसदस्य, म्हणजे सरकारचे अर्थखाते सांभाळणारे, सर बेसिल ब्लॅकेट. मतदान झाले : सरकारच्या बाजूने ६८, विरुद्ध ६५. पुरुषोत्तमदासांची बाजू तीन मतांनी हरली. सरकारी अधिकारी म्हणून बसलेल्या सभासदांना स्वतःचे मत नव्हतेच, हे ध्यानात घेतले तर त्या तीन मतांची किंमत कळते. १ एप्रिल १९२७ पासून १ शिलिंग ६ पेन्स हा कायदा झाला. सरकारने तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै या भावाने सोने घेण्याचे बंधन पत्करले.

ती तीन मते मला अजून बोचतात. माझ्या स्वतःच्या धंद्यात एकदा निर्यातीचे नियम रातोरात बदलले. आमच्या गाठी ट्रकवर, ट्रक बंदराच्या वाटेवर, बाहेरदेशीच्या गिऱ्हाइकाला शब्द दिलेला. त्या आठवड्यात मी जे निवेदन लिहिले ते रागाने भरलेले होते आणि कोणी वाचले नाही. पुढच्या वेळी मी फक्त तारखा लिहिल्या : कोणत्या तारखेला कोणते परिपत्रक होते, त्यावर विसंबून कोणत्या तारखेला काय करार झाले. ते वाचले गेले. पुरुषोत्तमदासांची पत्रिका मी या दोन निवेदनांच्या मधल्या काळात वाचली होती.

१९२८ मध्ये बारडोलीचा लढा पेटला तेव्हा हेच 'सरकारधार्जिणे' सर पुरुषोत्तमदास मध्यस्थीसाठी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्याकडे गेले. मुद्दा पुन्हा तोच : शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला होता आणि वाढीचा आधार तपासायला सरकार तयार नव्हते. लढ्यानंतर चौकशी झाली, तेव्हा सहा टक्क्यांच्या आसपासचीच वाढ समर्थनीय ठरली. त्याच वर्षी साम्यवाद्यांना आवर घालण्याच्या नावाखाली आलेल्या पब्लिक सेफ्टी बिलाला हिंदी भांडवलदारांनी साथ दिली नाही. ते विधेयक अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांच्या निर्णायक मताने पडले. कामगार चळवळीला घाबरणारा वर्ग तो. तरी मोकळे हत्यार सरकारच्या हाती द्यायचे नाही एवढे भान त्याने राखले.

फेडरेशन ऑफ इंडियन चेंबर्स ही देशभरच्या व्यापारी संस्थांची संघटना १९२७ मध्ये घनश्यामदास बिर्लांबरोबर उभी करणे, तिचे प्रतिनिधी म्हणून १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेला जाणे (ज्यांच्या असहकाराला विरोध केला ते गांधीजी तिथे काँग्रेसचे प्रतिनिधी होते), १९३५ मध्ये सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या मध्यवर्ती मंडळावर येणे, हे सगळे यादीसारखे सांगता येईल. त्यावर मी थांबत नाही. थांबायचे ते १९४४ च्या मुंबई योजनेपाशी, म्हणजे देशाच्या आर्थिक विकासाच्या आराखड्यापाशी.

आठ सह्यांच्या त्या योजनेवर पुरुषोत्तमदासांबरोबर जे. आर. डी. टाटा, बिर्ला, अर्देशीर दलाल, श्रीराम, कस्तुरभाई लालभाई, श्रॉफ आणि मथाई आहेत. पंधरा वर्षांत दरडोई उत्पन्न दुप्पट, खर्च १०,००० कोटी रुपये. उद्योगांना ४,४८०, शेतीला १,२४०, घरबांधणीला २,२००, आणि उरलेले दळणवळण, शिक्षण, आरोग्य वगैरे. हा पैसा कुठून येणार, तो तक्ता उघडा. त्यात ३,४०० कोटींची एक रक्कम आहे : 'नव्याने निर्माण केलेला पैसा'. म्हणजे नोटा. ज्या माणसाने दोन पेन्सांसाठी आयुष्यातली सर्वांत मोठी लढाई केली, नाण्याची किंमत मध्येच बदलणे म्हणजे करारभंग असे मांडले, तो पासष्टीच्या घरात एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक रक्कम चलनवाढीतून उभारायला सही करतो. भाव चढू नयेत म्हणून सरकारने कडक नियंत्रणे ठेवावीत, अशी तजवीज योजनेत आहे. तरीही माझे सूत्र इथे अपुरे पडते. मघाशी म्हटलेले न सुटणारे वळण ते हेच. बंगालच्या दुष्काळाचे ते वर्ष सरले होते, स्वातंत्र्य दाराशी आले होते आणि नुसती जुनी वही सांभाळून देश उभा राहणार नाही हे त्यांना उमगले असावे, असा माझा अंदाज आहे. पण तो अंदाजच आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे व्यापारी कायदेमंडळात काय करतो याबद्दल, एक स्पष्ट बोलतो. त्यांना शेतकऱ्याचा कळवळा होता, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. होता. पण कापसाचा भाव चढला तर शेतकरी आणि पेढी दोघांचे भले होते, म्हणून तो कळवळा त्यांना परवडणारा होता. जिथे हित जुळत नव्हते, जसे गिरणगावातल्या कामगाराचे, तिथे त्यांचा आवाज मला तितका ऐकू येत नाही. चेंबरच्या मतांवर निवडून आलेल्या माणसाकडून त्याची अपेक्षा किती करायची हा वेगळा प्रश्न. मी ती करतो, कारण ज्याला एका खंडीच्या हिशेबात शेवटच्या माणसापर्यंत पोचता येत होते, त्याला जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, हाताखालच्या माणसाचाही हिशेब मांडता आला असता.

अभ्यासासाठी वाचायचे असेल तर चरित्रापासून सुरुवात करू नका. आधी १९२६ ची भिन्नमतपत्रिका वाचा, मग मार्च १९२७ चे असेंब्लीतले वादविवाद आणि त्यातली मतविभागणीची नावे. कोण कोणत्या बाजूला गेले ते नावानिशी पाहा. मग दिल्लीत तीन मूर्ती भवनातल्या संग्रहात त्यांचे खासगी कागद आहेत, तिकडे वळा. आणि १९२० च्या निवेदनांवरून त्यांच्याविषयी मत बनवायचे ते सगळ्यात शेवटी.

तुम्ही विचारले आहे की हरलेल्या लढाईचे पुढे काय झाले. १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान, म्हणजे पौंडाची सोन्याशी असलेली बांधणी, सोडला, तरी रुपया त्याच १ शिलिंग ६ पेन्सने पौंडाला जखडून ठेवला गेला. मंदीत गांजलेल्या घरांतले सोने बाहेर पडून बोटींवर चढू लागले. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यात तोच दर लिहिला गेला. स्वातंत्र्य आले, १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाचेही अवमूल्यन झाले, पण पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै हे नाते तसेच राहिले. आणे-पै जाऊन नवे पैसे आले तरी राहिले. पुरुषोत्तमदास १९६१ मध्ये गेले. ते नाते तुटले जून १९६६ मध्ये. त्या दिवशी पौंड २१ रुपयांचा झाला.